खंडेनवमीचा शब्द

रविवारी सकाळी कडूबा डोक्यावर पाटी घेऊन दारात आला, तेव्हा वैजनाथ दाढीला बसला होता. दर दिवाळीनंतर दौलताबादहून सीताफळं आणायची, पुंडलिकनगरातल्या या दोन खोल्यांत उतरवायची आणि चहा पिऊन जायचं, हा कडूबाचा नऊ वर्षांचा शिरस्ता. पत्र्याचे डबे बनवणाऱ्या कारखान्यात तो प्रेसवर होता, वैजनाथ हजेरी कारकून.

कप खाली ठेवताना कडूबा म्हणाला, "उद्या कामगार हापिसात तारीख हाय, भाऊसाहेब. तुमी व्हय म्हणलं की मिटलं."

वैजनाथने नुसती मान हलवली. मान हलवणं म्हणजे कबूल करणं नव्हे, अशी त्याने स्वतःची समजूत घातली.

कारखान्याचे मालक नानासाहेब. तिथं खंडेनवमीला यंत्रांना हळदकुंकू लागे, नारळ फुटे आणि मग कायद्याच्या बोनसवर जादा काय मिळणार ते बोललं जाई. लिहिलं कधीच जात नसे. बोलायचं तेही मालकाने नाही, कारकुनाने. पुढे नाकारायची वेळ आली तर मालकाची जीभ मोकळी.

गेल्या वर्षीच्या खंडेनवमीला वैजनाथने सांगितलं होतं, वर्षभर कोणी काम सोडायचं नाही, पुढच्या दसऱ्याला दोन पगार जादा. कडूबाला त्याच आठवड्यात वाळूजच्या मोठ्या कंपनीचं बोलावणं आलेलं. त्याने चाचरत विचारलं, एवढं कागदावर मिळंल का?

"का रे, माझ्यावर विश्वास नाही?" वैजनाथ सगळ्यांसमोर म्हणाला.

लोक हसले. पुंजारामने टोमणा हाणला, "आता बायकूकडूनबी लिहून घे, कडूबा."

कडूबा शरमला आणि थांबला. दसरा आला, दिवाळी गेली. दोन पगार आले नाहीत. वाळूजची भरती कधीच संपली होती. शेवटी कडूबाने कामगार कार्यालयात अर्ज केला.

शनिवारी नानासाहेबांनी टाइप केलेला कागद पुढे सरकवला होता. मजकूर एवढाच: असे कोणतेही आश्वासन मी दिलेले नाही. त्यांनी दम दिला नाही. मुलीचं कॉलेज कसं चाललंय, एवढंच विचारलं. वैजनाथने सही केली.

कडूबा गेल्यावर ही गोष्ट त्याने बायकोला, कालिंदीला सांगितली. तिने पाटीकडे पाहिलं. मग म्हणाली, "आणि ही फळं उतरवून घेताना तुमचा हात कसा पुढे झाला हो?"

त्या दिवशी घरात सीताफळ कोणी फोडलं नाही.

सोमवारी कामगार अधिकाऱ्यांनी तो कागद मोठ्याने वाचला. कडूबाने एकदाच वैजनाथकडे पाहिलं. रागाने नाही, ओळखीचं माणूस चुकीच्या गाडीत चढताना दिसावं, तसं.

अधिकाऱ्यांनी विचारलं, "सही तुमचीच?"

"माझीच."

"मजकूर खरा आहे?"

वैजनाथने त्या कागदाकडे पाहिलं. तेवढ्यात कडूबाच पुढे झाला.

"त्यांना नका इचारू, साहेब. त्यांच्या पोटावर पाय येईल. कागद घेतला नाय ही माझीच चूक. माझा अर्ज मी माघारी घेतो."

वर्षापूर्वी ज्याला भर लोकांत लाजवलं, तोच आज आपली लाज झाकतोय, हे वैजनाथला सोसवेना.

"सही माझी आहे, मजकूर खोटा आहे," तो म्हणाला. "मला एक कागद द्या."

नानासाहेबांचा वकील हसला. वैजनाथ लिहीत राहिला. तारीख, जागा, आपण उच्चारलेले शब्द, ते ऐकणाऱ्या चाळीस जणांची नावं. वाळूजचं बोलावणं आपण कसं मोडायला लावलं, तेही लिहिलं. अधिकाऱ्यांनी कागद ठेवून घेतला. चौकशी होईल म्हणाले, निकालाची खात्री देता येणार नाही. वैजनाथच्या नोकरीचा निकाल मात्र वकिलाने जिन्यातच सांगून टाकला.

बाहेर रस्त्यावर दोघं उभे राहिले. कडूबाने आभार मानले नाहीत, आणि वैजनाथला ते बरं वाटलं.

"भाऊसाहेब," कडूबा शांतपणे म्हणाला, "ह्येच तवा लिवलं असतं, तर किती येळ लागला असता?"

"दहा मिनिटं," वैजनाथ म्हणाला.