विठाबाईकडचं प्रस्थान

विठाबाईने घर विकलं याचं हिरावाडीत कुणालाच नवल वाटलं नाही. पंचाहत्तरी उलटलेली बाई, शेवंतीचं वावर केव्हाच प्लॉटमध्ये गेलेलं, मुलगा पिंपळगाव बसवंतला कोल्ड स्टोरेजवर. एकटीने किती दिवस काढायचे? शेजारची दीपमाला मात्र ती बातमी ऐकून ओट्यावर मटकन बसली. कारण विठाबाईच्या देव्हाऱ्याखालच्या कपाटात एक गाठोडं होतं, आणि ते दीपमालाचं होतं.

भाद्रपदातल्या त्या सकाळी विठाबाई कुंपणापलीकडून म्हणाली, "देवदिवाळीला मी चालले गं. तुझं ते प्रस्थान हाय माझ्याकडं. त्याचं काय करायचं ते ठरव. मी काय ते पिंपळगावला न्यायची नाय. उगं तुमचा प्रवास तिथंच संपायचा, कांद्याच्या गोण्यांत."

दीपमाला हसली. हसता हसता डोळे भरून आले, म्हणून तिने तुळशीला पाणी घालायचं निमित्त केलं.

प्रस्थान म्हणजे काय, हे हल्ली सांगावं लागतं. निघायचा दिवस पंचांगात वाईट असला आणि तिकीट तर त्याच दिवसाचं असलं, तर शहाणी माणसं एक युक्ती करत. आधीच्या एखाद्या चांगल्या दिवशी सुपारी, हळदकुंकू, मूठभर तांदूळ आणि निघणाऱ्यांच्या अंगावरच्या कापडाचा तुकडा एका फडक्यात बांधायचा आणि ते गाठोडं शेजाऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचं. झालं, निघालात तुम्ही. मग शरीर घरात जेवेल, झोपेल, नळाचं पाणी भरेल, पण हिशेबाने माणूस वाटेला लागलेला. खऱ्या दिवशी गाठोडं शेजाऱ्याकडून उचलायचं आणि तसंच पुढे जायचं. ते परत आपल्या घरात आणायचं नाही. आणलं की प्रवास मोडला. विठाबाईच्या माहेरी यात आणखी एक होतं: गाठोडं ठेवून घेताना शेजारीण विचारणार, "कोण कोण निघालं?" आणि परत देतानाही तेच विचारणार. दोन्ही वेळेला उत्तर एकच यायला हवं.

साडेपाच वर्षांपूर्वी विठाबाईने विचारलं तेव्हा दीपमालाच्या नवऱ्याने, कोंडाजी काकडने, उंबऱ्यातूनच खणखणीत उत्तर दिलं होतं, "आम्ही दोघं!"

हा कोंडाजी ओझरच्या कारखान्यात विमानांच्या पंखांना रिव्हेट मारत म्हातारा झाला, पण जन्मात विमानात बसला नव्हता. दीपमाला पंचवटीतल्या शाळेत इतिहास शिकवायची. रोमन साम्राज्य कसं उभं राहिलं आणि कसं पडलं, हे तिने इतक्या वर्गांना सांगितलं की घरात भाजी करपली तरी कोंडाजी म्हणे, "घ्या, आणखी एक साम्राज्य पडलं." दोघं निवृत्त झाली तेव्हा ठरलं होतं, एकदा तरी लांब जायचं. इटलीला. आणि निवांत.

निवांत हा शब्द कोंडाजीचा. कॉलनीतली काही मंडळी टूर कंपनीच्या सहलीने आठ दिवसांत सात देश करून आली होती. पाय सुजवून आली, आणि आठवणीत काय, तर एका गावात मिळालेला चांगला राजमा. कोंडाजीने हात जोडले. "भोंग्यावर उठलो, भोंग्यावर जेवलो, भोंग्यावर घरी आलो. आता पैसे भरून गाइडच्या शिट्टीवर पळू? आपण तीनच गावं करायची. रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस. बारा रात्री. पण राहायचं. पाहुण्यासारखं नाही, भाडेकरूसारखं."

तीन गावं ठरली आणि भांडण सुरू झालं. बारा रात्री वाटायच्या कशा?

रोज जेवणं झाली की कोंडाजी डब्यातून बारा सुपाऱ्या काढायचा आणि टेबलावरच्या मेणकापडावर मांडायचा. डावीकडे रोम, उजवीकडे व्हेनिस, मध्ये फ्लॉरेन्स. त्याला रोम हवं होतं. पेपरच्या पुरवणीत त्याने एक फोटो पाहिला होता: जुन्या चौकात कारंजं, कारंज्याच्या कठड्यावर एक म्हातारा बसलेला, काहीही न करता. खाली लिहिलं होतं, सकाळचे अकरा. कोंडाजीला तो फोटो वेड लावून गेला. "अगं, सकाळी अकराला मी कधी नुसता बसलोच नाही. सुट्टीच्या दिवशीसुद्धा अकराला दळण असायचं. आणि त्या गावात दोन हजार वर्षांच्या भिंती अजून पडायच्या राहिल्यात. तिथे माणसाला कसली घाई असणार?"

तिला व्हेनिस हवं होतं. तिचं बालपण गोदाघाटावर गेलं. गोदेला पूर आला, दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं की तिच्या आईची धावपळ सुरू. गहू वर, गाद्या वर, देव वर. पाणी उतरलं की सगळं पुन्हा खाली, आणि महिनाभर घराला चिखलाचा वास. दाराशी पाणी आलं तरी जिथली बाई गहू वर नेत नाही, उलट पायरीवर उभी राहून होडीला हात करते, असं एक गाव जगात आहे हे तिला भूगोलाच्या पुस्तकात कळलं, आणि तेव्हापासून ते गाव तिचं झालं. आई तर गेली, पण आईच्या वतीने एकदा त्या पायरीवर उभं राहायचं होतं.

मग रोज रात्री सुपाऱ्या इकडून तिकडे सरकत. फ्लॉरेन्स कुणाचंच नव्हतं, तरी मधल्या भावासारखं त्याला दोन सुपाऱ्या सुटत, त्याही दया म्हणून. दीपमाला म्हणे, "चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे. सरळ वाटा." कोंडाजी म्हणे, "आणि सासऱ्याने कुठे जायचं?" कधी ती चिडून सुपाऱ्या गोळा करून डब्यात टाकी. खरं सांगायचं तर त्या भांडणात दोघांना जी मजा आली, ती अख्ख्या संसारात कुठल्या सणाला आली नव्हती. लेक पायल पुण्याहून फोन करी तेव्हा पहिला प्रश्न असे, "आज रोम किती?"

तिकिटं काढायच्या आदल्या संध्याकाळी कोंडाजीने स्वतःच्या ढिगातल्या सुपाऱ्या एकेक करून उजवीकडे सरकवल्या. रोमला तीनच उरल्या. "घे बाई, तुझ्या पाण्याला घाल," तो म्हणाला. "मला काय, बसायचं तर आहे. तुझ्या पायरीवर बसेन." दीपमालाने नको म्हटलं नाही. जिंकल्याच्या आनंदात तिने त्याला दुसऱ्यांदा चहा करून दिला.

निघायचा दिवस पंचांगात वाईट निघाला. कोंडाजीने त्याच बारा सुपाऱ्या फडक्यात घातल्या. विठाबाई म्हणाली, "अहो, एक सुपारी लागती, बारा कशाला? बारशाला चाललात काय?" कारखान्याच्या जुन्या शर्टाचा खिसा त्याने कापून आत ठेवला. दीपमालाने पदराचा तुकडा दिला. गाठ कोंडाजीने मारली, रिव्हेट मारावा तशी घट्ट.

आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. प्रस्थान ठेवून दोन दिवस होत नाहीत तो इटलीने दारं लावून घेतली, आणि पाठोपाठ सगळ्या जगाने. तिकिटं रद्द झाली. दीपमाला म्हणाली, गाठोडं घेऊन येते. कोंडाजीने तिचा हात धरला. "अजिबात आणायचं नाही. आपण निघालोय. जरा थांबलोय फक्त. रोम काय पळून चाललंय?"

रोम खरंच कुठे गेलं नाही. पुढच्या वर्षीच्या एप्रिलात कोंडाजी गेला. चार दिवसांचा ताप, आणि ज्या प्रवासाचं प्रस्थान त्याने कुठेच ठेवलं नव्हतं त्या प्रवासाला तो पटकन निघून गेला.

गाठोडं तिथेच राहिलं. दीपमालाने ते कधी मागितलं नाही आणि विठाबाईने कधी विषय काढला नाही. दर पाडव्याला विठाबाई कपाट पुसायची, गाठोड्यावर हळदकुंकू वाहायची आणि दार लावून घ्यायची. दीपमालाने ते घरी आणलं असतं तर प्रवास मोडला असता. म्हणजे कोंडाजी आता येणार नाही, हे स्वतःच्या हाताने कबूल करणं. तेवढं एक तिला जमत नव्हतं. बाकी सगळं तिने केलं. पेन्शनचे कागद केले, त्याचे शर्ट वाटून टाकले, सकाळचं दळणही स्वतः आणू लागली. पण वाटेतल्या माणसाला माघारी कसं बोलवायचं?

आणि आता विठाबाईचं घरच जाणार होतं.

त्या रात्री तिने पायलला फोन केला. गाठोड्याचं सांगितलं. पायल म्हणाली, "आई, मी रजा टाकते. आपण जाऊ या. पण मला आठच रात्री मिळतील हं."

व्हिसा झाला, तिकिटं झाली. दिवाळीला पायल घरी आली ती सगळा बेत मोबाइलवर घेऊनच. "व्हेनिस तुझं, म्हणून तिथे चार रात्री. फ्लॉरेन्स दोन, मला तिथली चित्रं बघायचीत, एक चामड्याची बॅगही घ्यायचीय. रोम दोन. रोम दोन दिवसांत उरकतं, सगळे तसंच करतात."

उरकतं हा शब्द दीपमालाला कुठेतरी लागला. ती उठली, डबा आणला आणि मेणकापडावर आठ सुपाऱ्या मांडल्या. पायल बघत राहिली. आईला पुन्हा सुपाऱ्या मांडताना तिने इतक्या वर्षांत पाहिलं नव्हतं. दीपमालाने उजवीकडच्या दोन उचलल्या आणि डावीकडे ठेवल्या. थांबली. मग मधली एक उचलून तीही डावीकडे ठेवली.

"रोम पाच?" पायल म्हणाली. "अगं आई, व्हेनिस दोनच रात्री? लहानपणापासून ऐकतेय मी तुझं ते पायरीचं."

"पायरीवर उभं राहायला किती वेळ लागतो? दोन रात्री पुष्कळ."

"आणि रोममध्ये पाच दिवस करणार काय?"

"बसणार."

"कुठे?"

"कारंज्यापाशी. सकाळी अकराला."

"आणि मग?"

"मग काही नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसणार. तुझ्या पप्पांना नुसतं बसायचं होतं गं. आणि मी त्यांचे दिवस घेतले, हसत हसत घेतले. मला वाटलं, पुढे कधीतरी फेडू." तिने डब्याचं झाकण लावलं. "मला त्यांची फार आठवण येते पायल. रोज सकाळी अकराला येते."

पायलने आईच्या पाठीवर हात ठेवला. मग तिने फ्लॉरेन्सची उरलेली एकुलती सुपारी बोटाने डावीकडे ढकलली.

"आणि तुझी चित्रं? बॅग?"

"बॅग पुण्यात मिळते," पायल म्हणाली. "रोम सहा. पप्पांना कळलं असतं तर कॉलनीभर पेढे वाटले असते."

निघायच्या दुपारी गाडी गल्लीच्या तोंडाशीच थांबली; कुंभमेळ्यासाठी रस्ता खणलेला, आत यायला जागा नव्हती. दीपमालाने कुलूप लावलं, दोनदा ओढून पाहिलं आणि बॅगा ओढत दोघी विठाबाईकडे आल्या. तिच्या घरात निम्मं सामान बांधून झालं होतं. देव टोपलीत बसले होते. कपाट तेवढं जागेवर होतं. विठाबाईने खाली वाकून, कमरेवर हात ठेवत, गाठोडं काढलं. फडक्याचा रंग उडाला होता, पण गाठ तशीच होती.

गाठोडं दोन्ही हातांत धरून विठाबाई उभी राहिली. आता रीतीप्रमाणे विचारायचं होतं. तिने एकदा दीपमालाकडे पाहिलं, एकदा पायलकडे. इतकी वर्षं रीत सांभाळलेली बाई, पण आज तिला वाटलं, नाही विचारलं तर काय बिघडेल?

"विचारा ना मावशी," दीपमालाच म्हणाली.

"कोण कोण निघालं गं?" विठाबाईने हळूच विचारलं.

पायल बोलणार होती, 'मी आणि आई'. पण दीपमालाने गाठोड्यावर हात ठेवला होता. आतल्या सुपाऱ्या हाताला लागत होत्या, आणि त्यांच्यावर घडी घातलेला तो जाडा खिसा.

"आम्ही दोघं," ती म्हणाली. आवाज खणखणीत निघाला नाही, पण उंबऱ्यापर्यंत पोचला. "पायल सोबतीला आहे."

विठाबाईने मान डोलावली. गाठोडं दीपमालाच्या ओटीत घातलं. मग दह्याची वाटी घेतली, एक चमचा पायलच्या तळहातावर घातला, एक दीपमालाच्या. वाटी खाली ठेवायला वळली, थबकली, आणि आणखी एक चमचा दीपमालाच्याच तळहातावर घातला.

दीपमालाने ते दही सगळं संपवलं, तळहात चाटूनपुसून.

"येतो मावशी," ती म्हणाली.