गुरुवारचं स्टड टेबल

दत्ता पाटणकर आयुष्यात फारसं खोटं बोलले नाहीत, पण जे एक बोलले ते त्यांनी तीस वर्षं नेटाने सांभाळलं. दर गुरुवारी दुपारी ते बुद्धिबळाच्या क्लबात जातात, असं घरात सगळ्यांना माहीत होतं. प्रत्यक्षात ते कोट-टाय चढवून जर्मनीतल्या लुडविग्सहाफेनहून ट्राम पकडत, द्राक्षमळ्यांमधून शेवटच्या स्टॉपपर्यंत जात आणि तिथल्या कॅसिनोत पोकर खेळत. वसुधा होती तोवर हे खोटं बायकोसाठी होतं. चार वर्षांपूर्वी ती गेली तेव्हा ते बंद करायला काहीच हरकत नव्हती. पण अंगवळणी पडलेलं खोटं, ते आता मुलीला, ज्ञानदाला, आणि जावयाला सांगितलं जाऊ लागलं.

त्यामुळे त्या सोमवारी जावयाला फोन लावताना त्यांनी नंबर दोनदा फिरवून दोनदा कापला.

"यशोधन, एक काम होतं. गुरुवारी दुपारी मोकळे आहात का?"

"होमऑफिस आहे बाबा, घरूनच काम. डॉक्टरकडे जायचंय का, टेर्मिन घेतलाय? मी वाल्डॉर्फहून गाडी घेऊनच येतो."

"डॉक्टर नाही हो. आल्झो… म्हणजे, तुम्ही ते पोकर खेळता ना, मित्रांबरोबर?"

पलीकडे कीबोर्डची टकटक थांबली. मग यशोधनने विचारलं, "कॅसिनोत यायचंय का तुमच्याबरोबर?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"अहो बाबा, बुद्धिबळाला कुणी टाय लावून जातं का? ज्ञानदाला शाळेत असल्यापासून माहीत आहे. आईंनाही माहीत होतं."

फोन ठेवल्यावर दत्तांनी कपाट उघडून टायवरून हात फिरवला. दर बुधवारी न सांगता त्यांच्या टायला इस्त्री करून ठेवणारी वसुधा कधी एका शब्दाने बोलली नव्हती. त्यांना हसू आलं, आणि डोळ्यांत पाणीही.

काम असं होतं. चौऱ्याण्णव साली दत्ता रसायनशास्त्रातली पीएचडी घेऊन इथल्या कारखान्यात आले, तेव्हा त्यांना जर्मन ओ की ठो येत नव्हतं. एका सहकाऱ्याने त्यांना या कॅसिनोत आणलं. त्या काळी इथे पोकर म्हणजे सेव्हन कार्ड स्टड. हिरव्या कापडाची तीन टेबलं भरलेली असत, आणि बाहेर लोक नंबर लावून उभे. प्रत्येकाला सात पानं मिळत, त्यातली चार सगळ्यांसमोर उघडी आणि तीन झाकलेली. डाव सोडणाऱ्याची उघडी पानं पालथी होऊन गेली की गेली. पुन्हा बघता येत नाहीत, कुणाला विचारताही येत नाहीत. ज्याला ती लक्षात राहिली तो राजा. हॉस्टेलात मेंढीकोट खेळताना गेलेल्या दश्श्या तोंडपाठ ठेवणाऱ्या दत्तांना हा खेळ घरच्यासारखा वाटला. आकडे, रंग, विनंतीचं 'बिट्टे', आभाराचं 'डांके', सगळं जर्मन ते त्या टेबलावर शिकले.

मग टीव्हीवर आणि इंटरनेटवर होल्डेम आलं. दोन पानं हातात, पाच पानं मधे, सगळ्यांची सामाईक. शिकायला दहा मिनिटं. गॉगल लावलेली, कानांत इयरफोन घातलेली पोरं लोंढ्याने आली, कोटाचा नियम गेला, आणि स्टडची टेबलं तीनाची दोन, दोनाचं एक झाली. शेवटी उरलं ते गुरुवारी दुपारी चारचं एक टेबल. त्यालाही अट होती: साडेचारपर्यंत पाच जण बसले तर खेळ, नाहीतर टेबल होल्डेमला. जानेवारीत त्यांचे पाचवे, हेर कुन्त्स, वारले. गेल्या गुरुवारी चौघंच जमले तेव्हा हॉलच्या प्रमुखाने नम्रपणे सांगून टाकलं, पुढच्या वेळीही चारच असाल तर आम्ही हे टेबल कायमचं काढतो.

दत्तांना स्वतःची काळजी नव्हती, असं ते स्वतःला सांगत होते. काळजी होती ती त्याच टेबलावर खेळणाऱ्या फ्राउ बेर्गमानची. त्र्याऐंशी वर्षांची बाई, एके काळी औषधांचं दुकान चालवलेली, आता एकटी राहते. हल्ली तर डाव सोडताना ती आपल्या पानांची नावं पुटपुटायची, "राणी. नऊ," आणि मग सावकाश पालथी करायची. नियमाने असं बोलायचं नसतं, पण पत्ते वाटणारी काट्रिन काणाडोळा करी. वय झालं बिचारीचं, असं मनात म्हणून दत्ता हळहळत. तिच्या आठवड्यात या टेबलाखेरीज काय होतं? त्यांच्या स्वतःच्या आठवड्यात काय होतं, हा प्रश्न त्यांनी सोयीस्करपणे बाजूला ठेवला होता.

गुरुवारी गाडीत जावईबापू तक्रार करत होते. "बाबा, आमच्याकडे आता होल्डेमचं टेबलच लागत नाही नीट. सगळ्यांना ओमाहा पाहिजे. हातात दोनच्या जागी चार पानं! मी दोन वर्षं घासून होल्डेमचा अभ्यास केला, चार्ट पाठ केले, आणि आता ही नवीन पोरं म्हणतात, होल्डेम बोअरिंग आहे."

दत्ता खिडकीबाहेर बघत मिशीतल्या मिशीत हसले. "गेनाऊ, अगदी बरोबर. आता कळलं का आम्हाला काय वाटलं असेल ते?"

"पण स्टडमध्ये असं आहे काय?"

दत्तांनी थोडा विचार केला. "तुमच्या खेळात सगळे मधल्या पाच पानांकडे बघतात. आमच्या खेळात मधे काहीच नसतं. प्रत्येकाचं थोडं उघडं असतं, थोडं झाकलेलं. त्यामुळे एकमेकांकडेच बघावं लागतं."

सव्वाचारला पाचही खुर्च्या भरल्या. निवृत्त रेल्वेवाले हेर श्टोल्त्स उठून उभे राहिले आणि त्यांनी यशोधनशी दोन्ही हातांनी हस्तांदोलन केलं. बेकरीवाले मेहमेत म्हणाले, "तुमचे सासरे म्हणजे या टेबलाचा मेंदू!" दत्तांची छाती दोन इंच फुगली. यशोधनला हूडीत आलेला पाहून फ्राउ बेर्गमानने भुवई उंचावली, पण पर्समधला पेपरमिंट त्याच्यापुढे केला.

पहिला तासभर दत्ता जावयाला शिकवण्यात रंगून गेले. डावामधे बोलायचं नसतं, म्हणून दोन डावांच्या मधे बोलत. पण डोकं सगळं तिकडेच. आणि अशातच त्यांना झकास पानं आली: दोन गुलाम झाकलेले, वर एक्का. तिसरा गुलाम आला की डाव आपलाच. फ्राउ बेर्गमानने डाव सोडला. "गुलाम," ती म्हणाली. हेर श्टोल्त्सनीही आपला उघडा गुलाम टाकला. फ्राउ बेर्गमान पुन्हा, जरा मोठ्याने, म्हणाली, "दोन्ही गुलाम." काट्रिन खाकरली. दत्तांच्या कानांवर ते पडलं की नाही कुणास ठाऊक. ते एक्क्याकडे बघत होते, आणि आज जावयासमोर काय ऐट होईल ते बघत होते. पान येत गेलं, ते पैज लावत गेले, शेवटपर्यंत. तिसरा गुलाम काही आला नाही. मेहमेतनी अगदी ओशाळवाण्या चेहऱ्याने तीन सत्ते दाखवले आणि डाव घेतला.

"होतं असं कधीकधी," दत्ता म्हणाले. "नशीब."

काट्रिनने पत्ते गोळा केले. श्टोल्त्स चष्मा पुसत बसले.

साडेपाचच्या सुट्टीत सासरे-जावई कॉफी घेऊन बाहेर आले. समोर उघडेबोडके मळे दिसत होते, वेली छाटून नीट बांधलेल्या. यशोधन कप हातात फिरवत होता.

"बाबा, एक विचारू? रागावणार नसाल तर."

"विचारा की."

"तुम्ही म्हणालात ना, इथे एकमेकांकडे बघावं लागतं. म्हणून मी बघत होतो. पान टाकताना हे सगळे तुमच्याकडे का बघतात?"

"माझ्याकडे?"

"हो. फ्राउ बेर्गमान पानाचं नाव घेतात तेव्हा आधी तुमच्याकडे बघतात. हेर श्टोल्त्स पान लगेच पालथं करत नाहीत, तुमची नजर पडेपर्यंत धरून ठेवतात. मेहमेतही तेच. मला वाटलं, तुमच्याकडची काही पद्धत आहे." तो थांबला. "त्या गुलामांच्या वेळी तर त्यांनी दोनदा सांगितलं बाबा, की उरलेले दोन्ही गेले."

दत्तांनी मळ्यांकडे तोंड फिरवलं. पहिल्यांदा त्यांना संताप आला. या पोराला काय कळतं, आजच तर खेळायला बसला! मग एकेक गुरुवार डोळ्यांसमोर येऊ लागला. फ्राउ बेर्गमान पुटपुटायला कधी लागली? दोनेक वर्षांपूर्वी. म्हणजे त्या हिवाळ्यात, जेव्हा ते एकदा परतीच्या ट्राममधून दोन स्टॉप आधीच उतरले होते आणि थंडीत उभं राहून घरचा रस्ता आठवत बसले होते. ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. टेबलावर त्याच सुमाराला दोन-तीनदा असंच 'नशीब' आडवं आलं होतं.

फ्राउ बेर्गमानला स्वतःची पानं लक्षात ठेवायला पुटपुटायची काय गरज? टाकलेली पानं तिच्या उपयोगाचीच नव्हती; आठवण हवी होती ती त्यांना. इतकी साधी गोष्ट, आणि टेबलाच्या मेंदूला दोन वर्षांत सुचली नाही. तिच्यासाठी म्हणून ते दर गुरुवारी ट्राम पकडत होते, आणि ती, गुडघ्यांचं ऑपरेशन झालेली बाई, जिना चढून येत होती ती त्यांच्यासाठी. त्यांना भयंकर लाज वाटली. इतकी की तिथूनच, कोटही न घेता, निघून जावंसं वाटलं.

"घरी जाऊ या का?" यशोधनने हळूच विचारलं.

"आपण गेलो तर तिघंच राहतात," दत्ता म्हणाले.

"तुम्ही राहिलात तर मी दर गुरुवारी येईन. चार्ट नाहीत, काही नाहीत, मला हे आवडलं. आणि बाबा… डॉक्टरचा टेर्मिनही घेऊ या. मी येतो बरोबर."

दत्तांनी उरलेली गार कॉफी एका घोटात संपवली. "ज्ञानदाला मी सांगेन," ते म्हणाले. "तुम्ही नका सांगू. तीस वर्षांत एकदा तरी मला स्वतःहून खरं बोलू द्या."

आत हॉलचा प्रमुख वही घेऊन टेबलापाशी उभा होता. पुढच्या गुरुवारचं काय, असं त्याने विचारलं, आणि तिघंही दत्तांच्या तोंडाकडे बघू लागले. त्या तीन म्हाताऱ्या चेहऱ्यांवरची धाकधूक दत्तांनी पहिल्यांदा नीट पाहिली. हा माणूस उठून गेला तर, अशी ती धाकधूक होती.

"पाच," दत्ता म्हणाले. "लिहून घ्या. दर गुरुवारी पाच."

काट्रिनने पत्ते पिसले आणि वाटले. दत्तांपुढे चौकटची राणी उघडी पडली. फ्राउ बेर्गमानने आपल्या पानांकडे पाहिलं, मान हलवली आणि डाव सोडला.

"राणी," ती नेहमीसारखी पुटपुटली, आणि पान हातात धरून ठेवलं.

दत्तांनी मान वर केली. पानाकडे नाही, तिच्याकडे बघितलं. दोन वर्षं ती त्यांच्याकडे बघत होती, आणि एकमेकांकडे बघायचा खेळ म्हणून ज्याची फुशारकी मारली, त्या खेळात त्यांनी तिच्याकडे आजच पाहिलं.

"डांके, फ्राउ बेर्गमान," ते म्हणाले.

"वोफ्युअर?" कशाबद्दल, असं म्हणून तिने पान पालथं केलं, पर्स उघडली आणि पेपरमिंट शोधू लागली. ती बराच वेळ शोधत राहिली.