खाऱ्या विहिरीतलं कासव

मित्रांनो, मी एक समुद्रातलं कासव आहे आणि माझ्या आयुष्यातली कित्येक वर्षं मी सोलापुरात काढली आहेत. हसू नका. सोलापुरात समुद्र नाही हे मलाही ठाऊक आहे. माझ्याइतकं ते दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार?

माझा जन्म वाळूतला. आमच्यात आई अंडी पुरते आणि निघून जाते, बाप तर तोंडही दाखवत नाही. त्यामुळे एकटं राहायची सवय मला जन्मापासूनच. पण समुद्रात एकटं असणं निराळं. तिथं आपल्यासारखं कोणीतरी लांबवर पोहत असतं, आणि ते न दिसताही कळतं. तेवढ्यावर आमचं भागतं.

परातीएवढा झालो तेव्हा माझ्या उजव्या पुढच्या पायात तुटक्या जाळ्याचा दोर अडकला. मी ओढत गेलो, तो रुतत गेला. जखम चिघळली. पोहायचं त्राण उरलं नाही, तेव्हा लाटांनी मला हर्णैच्या वाळूत आणून टाकलं. त्या दिवशी तिथं मुकुंदराव नावाचे एक गृहस्थ फिरायला आले होते. सोलापूरच्या एका दवाखान्यात ते कंपाउंडर होते आणि मावसभावाच्या लग्नासाठी बायकोला घेऊन कोकणात आले होते. त्यांनी मला पाहिलं आणि लगेच खिशातला चाकू काढून दोर कापला. मित्रांनो, तो दोर सुटला तेव्हा मला जे वाटलं ते मी अजून विसरलेलो नाही.

तिथं मासळी वाळत घालणारी एक कोळीण म्हणाली, "दोर कापलात, पुण्य झालं. आता सोडा त्याला पाण्यात. समुद्राचं ते समुद्र बघून घेईल."

"अहो, जखम सडलीय. आठ-पंधरा दिवस पट्टी बदलायला हवी."

"उद्या मुशी माशाचा दात दुखला तर तोही उपटणार काय?" असं म्हणून ती पदरात तोंड लपवून हसली.

मुकुंदराव हसले नाहीत. पट्टी अर्धी सोडून जाणं त्यांना जमतच नसे. त्यांची रजा संपत आली होती, म्हणून त्यांनी मला ओल्या गोणपाटात गुंडाळून ट्रंकेत घातलं. त्यांच्या पत्नी यशोदाबाई आगबोटीत आणि मग आगगाडीत एकच वाक्य बोलत होत्या, "माझा शालू पिशवीत कोंबलाय आणि हे कासव ट्रंकेत!" तरीही गोणपाट वाळू लागलं की तांब्याभर पाणी त्यावर त्याच शिंपडत.

शुक्रवार पेठेतल्या त्यांच्या घरी मी आधी घंगाळात राहिलो. रोज लाल औषधाच्या पाण्यानं जखम धुणं, टिंक्चर, पट्टी. टिंक्चर लागलं की जीव जात असे, पण जखम भरत आली. मग घंगाळ अपुरं पडू लागलं. यशोदाबाईंनी तोडगा काढला, "त्याला खारंच पाणी हवं ना? मग आपल्या गल्लीतली विहीर काय गोड आहे?"

विहीर पायऱ्यांची होती, ऐसपैस होती आणि पाण्याला खारट होती. त्या पाण्यात डाळ शिजत नसे आणि साबणाला फेस येत नसे. पिण्याचं पाणी नळावरून येई आणि बाकी सगळं या विहिरीवर चाले. त्या पाण्याला शिव्या घालत लोकांचा जन्म गेला होता, त्यामुळे जगात याहून खारं काही असेल यावर त्यांचा विश्वासच नव्हता. मित्रांनो, आमटीत आणि आमटीची पळी विसळलेल्या पाण्यात जेवढा फरक, तेवढाच समुद्रात आणि त्या विहिरीत. पण मला बोलता कुठे येत होतं!

"दिवाळीत रजा मिळाली की नेऊन सोडू," मुकुंदराव म्हणाले. दिवाळीत साथ आली. उन्हाळ्यात डॉक्टरांनी रजा दिली नाही. पुढे यशोदाबाईंचं बाळंतपण आलं. असं होता होता माझी वर्षं त्या विहिरीत गेली.

लोक वाईट नव्हते हो. गल्लीच्या तोंडाशी गुरुबसप्पांचं तेलाचं दुकान होतं. त्यांनी मला पाहून हात जोडले आणि म्हणाले, "देवळात दगडाचं असतं, आपल्या गल्लीत जिवंत आलंय!" झालं. तेव्हापासून माझ्या पाठीवर हळद-कुंकू पडू लागलं. भाकरीचे तुकडे, खोबरं, फुलं, काय वाटेल ते टाकत. मी आपला अंबाडी, तांदुळजा आणि शेपू खाई. सोलापुरातली अर्धी माणसं शेपूला नाक मुरडतात, त्यांच्या घरची जुडी माझ्याकडेच येई. देवळातल्या कासवासारखं मी डोकं आत ओढत नाही, याचं मात्र त्यांना वाईट वाटे. आम्हा समुद्रातल्या कासवांना ते येतच नाही, त्याला मी काय करू?

दुपारी सगळी निघून गेली की विहीर गप्प होई. भिंतीतल्या कोनाड्यात पारवे घुमत, बेडूक आपसात बोलत. माझ्याशी माझ्या भाषेत बोलणारं कोणी नव्हतं. मी विहिरीला फेऱ्या घालत असे. लांबवर कोणी पोहतंय का, हे पाण्याला विचारत असे. पाणी भिंतीवर आपटून माझीच हालचाल मला परत आणून देई. इतका एकटा मी कधीच झालो नव्हतो.

नाही म्हणायला केराबाई होती. ती सांगोल्याकडची मेंढपाळ घरातली बाई. दुष्काळात तिच्या गावची विहीर आटली, मेंढरं गेली, नवराही गेला, तेव्हा ती सोलापूरला आली आणि या विहिरीचं पाणी घरोघर भरू लागली. डोक्यावर एक घागर आणि कमरेवर एक. सकाळी पहिल्या खेपेला ती शेवटच्या पायरीवर टेकायची आणि माझ्याशी बोलायची.

"काय रं द्येवा, जेवलास का? आमचं बी जेवान झालं न्हाय अजून."

तिला उत्तर नको असे. ती तंबाखू मळत मेंढरांची नावं सांगत राही आणि मी पायरीशी येऊन ऐकत राही.

मग एक वर्ष पाऊस आलाच नाही. आसपासच्या गल्ल्यांतल्या विहिरी चिखलाला लागल्या. आमची मात्र टिकली. तळाशी एका कोपऱ्यात खडकाला फट होती, तिच्यातून गार पाणी येई. माझ्या पोटाला ते रोज लागे. ती फट मी येण्याआधीपासूनची होती. पण वरच्या लोकांना फट दिसत नव्हती, कासव दिसत होतं. सगळे म्हणू लागले, "कासवानं पाणी धरून ठेवलंय."

त्याच वर्षी मला वेड लागल्यासारखं झालं. मी मोठा होत होतो, आणि आतून कोणीतरी म्हणत होतं, चल, निघ, मावळतीकडे चल. मी मावळतीच्या भिंतीला धडकू लागलो. पुन्हा फिरून येई, पुन्हा धडके. नाक फुटलं, जुनी जखम उसवली. मुकुंदरावांनी पट्टी बांधली, मी ती भिंतीला घासून काढली. त्यांनी पुन्हा बांधली.

शेवटी त्यांनी गल्लीतल्या लोकांना विहिरीवर बोलावलं.

"मी पट्टी बांधणार आणि हे पुन्हा धडकणार," ते म्हणाले. "याला समुद्र लागतो. चूक माझी आहे, बरं झाल्याबरोबर सोडायला हवं होतं. या आठवड्यात मी त्याला घेऊन जातो."

"बेडा, बेडा! नको!" गुरुबसप्पा पायरीवर उभेच राहिले. "पाऊस नाही, पाणी नाही, आणि अशात याला काढता? समुद्रात सोडलं आणि उद्या कोणी मारून खाल्लं तर? इथं पोटभर खातंय, पूजा होतेय. तुम्हीच हात लावलात त्याला, मालक. आता मध्येच हात काढता येत नाही."

"त्याचं नाक बघा की एकदा."

"लागतं कधी कधी. आम्हाला नाही लागत?"

लोकांनी माना डोलावल्या. मग कोणीतरी केराबाईला विचारलं, कारण पाण्यावर पोट तिचं होतं. तिनं पदर खोचला आणि मान हलवली.

"मी न्हाय म्हनते. एकदा पानी ग्येल्यालं बगितलंय मी. आता पानी ग्येलं तर मी कुटं जाऊ?"

मुकुंदराव खाली बसले. माझ्यापुरतं सगळं संपलं होतं. मी वळलो आणि भिंतीकडे गेलो. दुसरं मला काही सुचत नव्हतं. धडकलो, फिरलो, परत धडकलो. वर गलका चालू होता, तो हळूहळू थांबला. धडकण्याचा आवाज तेवढा राहिला.

केराबाई पायऱ्या उतरून खाली आली. पाण्यात गुडघाभर उभी राहिली आणि मी फिरून आलो तसा तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. तिच्या तळव्याला रक्त लागलं.

"माजी मेंढरं अशीच करायची," ती म्हणाली. "पानी पाजायच्या डोनीत टिपूस न्हाय, तरी रिकाम्या डोनीला टकरा द्यायची. कपाळं फुटली त्येंची. मी नुसती बगत बसले. तवा माज्या हातात काय बी नव्हतं." मग तिनं वर तोंड केलं. "ह्ये हातात हाय की."

"केराबाई, अगं पाणी..." गुरुबसप्पा म्हणाले.

"पानी मी वडते, अण्णा. ग्येलं तर पयलं माजं जाईल. न्या त्याला."

गुरुबसप्पांनीच शेवटी दुकानातली गोणपाटं आणवली. चौघांनी मला झोळीत घालून वर काढलं आणि स्टेशनला जाणाऱ्या बैलगाडीत ठेवलं. बायकांनी कुंकू लावलं, यशोदाबाईंनी डोळे पुसले. केराबाईनं भरली घागर माझ्या अंगावर रिकामी केली, वाटेत सुकू नये म्हणून. त्या उन्हाळ्यात एक घागर म्हणजे काय, ते मला माहीत होतं. मग ती माझ्या कानाशी वाकली.

"जा बाबा. पन आमचं पानी संगं नेऊ नगंस."

गाडी हलली. केराबाई कोपऱ्यापर्यंत आली नाही. मागं वळून विहिरीकडेच गेली, पाणी बघायला.

मुकुंदरावांनी मला हर्णैच्या त्याच वाळूत सोडलं. पहिली लाट तोंडात गेली आणि खरा खारटपणा म्हणजे काय, हे जीभच विसरून गेली होती असं वाटलं. ते बराच वेळ गुडघाभर पाण्यात उभे होते, हे मला पाण्यातूनच कळत होतं. मी मागं बघितलं नाही, आम्हाला मान तेवढी वळवता येत नाही.

आता मी खूप खोल पाण्यात असतो. माझ्या जातीची कासवं भेटतात, पण शेपूची चव किंवा पारव्यांचं घुमणं त्यांना सांगून काय कळणार? इथंही मी थोडा एकटाच असतो. जखमी जनावराला माणसानं हात लावावा की नाही, असं तुम्ही मला विचाराल तर मी म्हणेन, जरूर लावा. मुकुंदरावांनी लावला नसता तर आज हे सांगायला मी नसतो. पण मित्रांनो, हात लावतानाच तो काढायचा कधी हे मनाशी ठरवा. नाहीतर मायेनंच माणूस एखाद्याला विहिरीत ठेवतो आणि ते त्याला कळतसुद्धा नाही.

आणि एक काम कराल का माझं? तुमच्यापैकी कोणी सोलापूरला गेलं, तर शुक्रवार पेठेत केराबाईचा तपास करा. पाणी असेल तर ती विहिरीवरच भेटेल. नसेल, तर ती कुठं गेली ते कोणालातरी विचारा, पण तिला गाठाच. तिला सांगा, तुझ्या कासवानं काही नेलेलं नाही.