डब्यावरचा काटा

"नीट पूर रे वैजीनाथ. आत पेढे आहेत, कुत्र्यांना वास लागेल. त्यांनी उकरलं तर सगळं मुसळ केरात," असं म्हणून हेडमास्तर दिनकररावांनी सायकलवर टांग टाकली आणि ते शाळेकडे निघून गेले. ओढ्याकाठच्या वाकड्या बाभळीखाली मागं उरला शाळेचा शिपाई वैजीनाथ, त्याची कुदळ, आणि पेढे, रेवड्या नि पेन्सिलींनी भरलेला बिस्किटांचा पत्र्याचा डबा.

वैजीनाथ दमला होता. आता सकाळच्या प्रहरी माणूस कशानं दमेल? पण तो दुष्काळाच्या सालापासून दमलेलाच होता, आणि झोपून उठलं तरी त्याचा शीण जात नव्हता.

तसं पाहिलं तर बोरी गावाला एक जानेवारीचं काय कौतुक! गावाचं नवं वर्ष चैत्रात यायचं, गुढीबरोबर. पण हायस्कूल झालं आणि पोरांना इंग्रजी वर्षाचा नाद लागला. गेल्या साली त्यांनी एकतीस तारखेला कापसाच्या पऱ्हाट्यांचा जाळ केला, वर त्यात फटाके टाकले. एका पोराचा हात असा भाजला की त्याला परभणीला न्यावं लागलं. दिनकररावांनी कानाला खडा लावला. म्हणाले, नवं वर्ष करायचंच ना, तर दिवसाढवळ्या करू, उघड्या रानात, आयाबापांना बोलावून. जाळ नको नि फटाका नको. चिठ्ठ्या वाचत खुणा शोधायच्या, शेवटी पुरलेला खजिना काढायचा आणि सगळ्यांनी मिळून खायचा.

वैजीनाथनं खड्डा घेतला. डबा आत ठेवला, माती ओढली, पायानं दाबली. मग ओढ्यातले गोटे आणून वर रचले. तरी जीव मानेना म्हणून बाभळीची एक फांदी तोडली आणि काट्यासकट दगडांत दाबून बसवली. हात आपले चालत होते. मन घरी होतं, बायकोपाशी.

दैवशालानं सकाळीच पुन्हा तो विषय काढला होता. दुष्काळात दोघं खडी फोडायला जायचे, तेव्हा त्यांची तान्ही लेक तापानं गेली. बायामाणसं मातीला जात नाहीत, म्हणून वैजीनाथच एका भावकीतल्या माणसाला घेऊन तिला ओढ्याकाठी पुरून आला. तेव्हापासून दैवशालाचं एकच मागणं होतं.

"आवं, एकडाव ती जागा तरी दावा मला. मी काय रडत बसनार न्हाई तितं."

"दावतो की. जाऊ कव्हातरी."

दोन पावसाळे त्यानं असेच ढकलले. दाखवणार काय, कपाळ? त्याच साली पुढं पाऊस लागला, ओढ्याला पूर आला आणि तिथला काठच वाहून गेला. हे तिला सांगायचं म्हणजे लेक दुसऱ्यांदा नेल्यासारखं होतं, आणि तेवढी छाती त्याच्यात नव्हती.

ऊन वर आलं तशी पोरं चिठ्ठ्या नाचवत शिवारात पांगली. विहिरीपासून गोठ्याकडं, गोठ्यापासून चिंचेकडं नुसती पळापळ. चिंचेखाली बायका लाडू घेऊन बसल्या होत्या, त्यांत दैवशालाही होती. शेवटची चिठ्ठी सापडली आणि सगळा कालवा वाकड्या बाभळीकडं धावला.

तिथं गेला आणि गप झाला.

सगळ्यांत पुढं नर्मदा नावाची सातवीतली पोर होती. तिनं आधी पायातल्या चपला काढल्या. मग मागच्यांना हातानं अडवलं.

"काय झालं? खणा की," दिनकरराव मागून धापा टाकत आले.

"न्हाई सर. हितं लेकरू हाय."

"कसलं लेकरू? खजिना आहे तो!"

पण पोरं दोन पावलं मागं सरकली होती. मागून आलेल्या एका बाईनं आपल्या धाकट्याला दंडाला धरून ओढून घेतलं. दिनकररावांनी पुढं होऊन पाहिलं. ताजी माती, वर गोटे, गोट्यांत काटा, तान्ह्या लेकराला पुरतात तसं. ते सेलूचे, म्हणजे याच मुलखातले. त्यांना सांगायची गरज पडली नाही.

"वैजीनाथ," ते हळूच म्हणाले, "हे काय केलंस बाबा?"

वैजीनाथनं ते तेव्हाच पहिल्यांदा धड पाहिलं.

"सर, कुत्र्यानं उकरू नये म्हणलाव तुमी," तो म्हणाला. "मला पुरायचं येवढंच येतंय."

कुणी हसलं नाही. त्यानंच काटा काढला, दगड बाजूला केले, डबा वर काढून धोतरानं पुसला. दिनकररावांनी पोरांना चिंचेखाली नेलं आणि पेढे वाटले. थोड्या वेळानं तिकडून पुन्हा कालवा ऐकू यायला लागला. पोरंच ती.

दैवशाला मात्र पोरांचं बोलणं ऐकून इकडं आली. रिकाम्या खड्ड्याकडं बघत उभी राहिली.

"आसंच केलतं का वं?"

"व्हय."

"गोटे?"

"ह्याच वढ्यातले."

"आन काटा?"

"बाभळीचाच."

"मंग चला की आता. दावा."

आता मात्र त्याला पुढं ढकलवेना. "ऱ्हायली न्हाई ती जागा," तो म्हणाला. "त्याच साली पुरात गेली. तुला कोन्या तोंडानं सांगू?"

आता ही हंबरडा फोडणार असं त्याला वाटलं. पण ती खड्ड्याच्या कडेला बसली आणि तिनं ओढ्याकडं बघितलं. ओढ्यात आता घोटाभर पाणी होतं.

मग तिनं पदरात बांधलेला आपल्या वाट्याचा लाडू सोडला, खड्ड्यात ठेवला, आणि दोन्ही हातांनी माती आत लोटायला लागली.

"काय करायलीस?"

"गोटे द्या," ती म्हणाली.

तो एकेक देत गेला. ती एकेक रचत गेली, मोठे खाली, बारके वर. शेवटी तिनं हात झटकले.

"काटा तुमीच बसवा. नीट बसवा. कुत्री येत्यात."

त्या साली हाताला घाई होती. खडीवरची हजेरी बुडत होती. आज वैजीनाथनं फांदी सावकाश बसवली, आणि बसली की नाही ते दोनदा हलवून बघितलं.