पाठमोरी गल्ली

मित्रांनो, आधी एक गैरसमज दूर करते. मी मोजा नाही. कपाटाच्या वरच्या फळीवर, मोडक्या छत्रीशेजारी मला पडलेली पाहून घरी येणारा प्रत्येक जण विचारतो, "एवढा लांब मोजा कोणाचा हो?" आणि माझ्या काळजाला घरं पडतात. मी हातात घालून खेळवायची एक जुनी बाहुली आहे. करड्या कापडाची लांब मान, लाकडी चोच, मण्यांचे डोळे आणि डोक्यावर लाल लोकरीचा ठिपका. करकोचा नावाच्या उंच, लांब पायांच्या पक्ष्याचं मी सोंग आहे. सोंग तर सोंग, पण एका जिवाला मी भरवलं आहे, आणि तो मला आई समजत होता.

मला शिवलं मावशीनं. तिचं खरं नाव शाळेतल्या शिपायालाही ठाऊक नव्हतं. सगळे तिला गोष्टीवाली मावशीच म्हणायचे. जिना चढून गेलं की तिची एकच खोली, खिडकीखाली शिवणयंत्र. नवऱ्याच्या मागे राहिलेल्या कोटाची तिनं माझी मान केली. चोच खालच्या सुतारानं खुर्चीच्या मोडक्या पायातून कोरून दिली. मग पाणमांजर, घुबड, कासव आणि मी अशी आमची वरात एका पिशवीत बसून शाळाशाळांतून फिरू लागली. मावशीच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की घंटेचंही कुणी ऐकत नसे. मला तिनं चिडक्या म्हातारीचा आवाज दिला होता. मी "काय रे, शेंबड्या!" म्हटलं की अख्खा वर्ग हसून लोळायचा. खरं सांगते, मला माझं भारी कौतुक होतं.

मावशीला मात्र एक गोष्ट डाचायची. "वाघ-सिंह सगळ्यांना पाठ," ती घरी आल्यावर चडफडायची, "आणि वस्तीला लागून एवढी मोठी पाणथळ आहे, तिथं कोण राहतं विचारलं की सगळे एकमेकांची तोंडं बघतात!" त्या पाणथळीत खरेखुरे करकोचे होते. मुलांनी करकोचा म्हणून पाहिलेली मी एकटीच. माझं सोंग पाहून पोरं खूश होती, खऱ्याला शोधायला कुणी जात नव्हतं.

एके दिवशी पाणथळीकाठच्या प्राण्यांच्या दवाखान्यातली डॉक्टरीणबाई आमच्या खोलीत आली. चिखलाचे बूट दारातच काढून ती घाईघाईनं बोलू लागली. पाणी वाढून करकोच्याचं एक घरटं बुडालं होतं. आईबाप सोडून गेले, एक अंडं तेवढं वाचलं आणि ते आता दवाखान्यात उबेला ठेवलं होतं.

"मावशी, पिल्लू बाहेर आलं की ज्याला बघेल त्यालाच आई समजेल. माणूस दिसला तर माणसाच्याच मागे लागेल, मग ते आपल्या थव्यात कधीच जाणार नाही. मला तुमची करकोचीण हवी आहे. आणि ती चालवायला तुमचा हात."

"घे की! हाताला काय झालंय?"

"पण अट आहे. पिल्लासमोर अवाक्षर काढायचं नाही."

"अगं, मी झोपेतसुद्धा बोलते!" मावशी हसली. डॉक्टरीणबाई काही हसली नाही.

असा माझा दुसरा जन्म सुरू झाला. मावशी डोक्यापासून पायापर्यंत करडा झगा घालायची, तोंडावर जाळी ओढायची आणि मूग गिळून बसायची. झग्याच्या बाहीतून फक्त मी बाहेर. पिल्लू अंड्यातून निघालं, ओलं, तपकिरी, पायांवर धड उभंही राहता येत नव्हतं. त्यानं मान वर केली आणि समोर मी. माझ्या चोचीतली अळी त्यानं घेतली, तीनदा पाडली, चौथ्यांदा गिळली. तोवर मी हजार मुलांना हसवलं होतं, पण माझी गरज अशी कुणाला पडली नव्हती. मला तर आभाळ ठेंगणं झालं.

पण थोड्याच दिवसांत पिल्लानं खाणं टाकलं. मान टाकून नुसतं पडून राहायचं. डॉक्टरीणबाई औषध आणायला गेली होती. खोलीत मावशी, पिल्लू आणि मी. मी चोच पुढे केली, मागे घेतली, पुन्हा पुढे केली. पिल्लाचे डोळे मिटत चालले. मग मावशीला राहवलं नाही. जाळीआडून ती माझ्या आवाजात, त्या चिडक्या म्हातारीच्या आवाजात पुटपुटली, "काय रे, ढांग्या, खातोस की देऊ एक रट्टा?"

ढांग्यानं डोळे उघडले. एक घास घेतला. मावशी पुढे बोलत राहिली, पाणथळीची गोष्ट सांगत राहिली, आणि तो एकेक घास घेत राहिला. दुसऱ्या दिवशी ती गप्प राहिली, तर त्यानं पुन्हा तोंड फिरवलं. मग काय, रोज ती अगदी हळू आवाजात बोलायची, कुणाला कळणार नाही असं. ढांग्या अंगानं भरला. नाव ठेवायचीही मनाई होती, पण त्याच्या एवढ्या लांब ढांगा बघून दुसरं काय म्हणणार? तो जगला म्हणून माझा जीव भांड्यात पडला होता. माणसाचा आवाज म्हणजे घास, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसतंय, हे तेव्हा आम्हा दोघींच्याही ध्यानात आलं नाही.

पंख भरल्यावर त्याला थव्याजवळ सोडलं. दोन दिवस तो थव्याच्या कडेकडेनं फिरला. तिसऱ्या दिवशी रस्त्यानं शाळेची मुलं गलका करत निघाली, तशी ह्यानं मान उंचावली आणि उडत थेट त्यांच्या मागे वस्तीत, पाववाल्याच्या गल्लीत उतरला.

काय विचारता! गल्लीनं त्याला डोक्यावर घेतलं. मावशीच्या इतक्या वर्षांच्या गोष्टींनी झालं नाही ते एका दिवसात झालं, पोराटोरांना करकोचा ओळखू येऊ लागला. ढांग्या रोज सकाळी पाववाल्या आजोबांच्या दारावर चोचीनं टकटक करायचा. आजोबा दार उघडायचे, पावाचा मऊ तुकडा हातावर धरायचे. त्यांची बायको वारली होती, मुलगा लांब कुठंतरी असायचा. पण आता आजोबा गुणगुणत भट्टी पेटवतात, असं शेजारी सांगायचे.

आणि एका सकाळी ढांग्याच्या पंखाला टेम्पो घासून गेला. थोडक्यात वाचला. त्याच दुपारी डॉक्टरीणबाई आमच्या खोलीत आली आणि मावशीनं तिला सगळं सांगून टाकलं.

"थंडी वाढली की थवा निघून जाईल," डॉक्टरीणबाई म्हणाली. "तोवर हा त्यांच्यात गेला नाही तर मला त्याला पिंजऱ्यात ठेवावं लागेल. कायमचं. नाहीतर वायर, कुत्री, गाड्या, काहीतरी त्याचा जीव घेईल."

"मी बोलले नसते तर मेला असता गं तो."

"माहीत आहे."

"मग मी काय करायला हवं होतं?"

"ते मला माहीत नाही, मावशी."

मावशीनं मला पिशवीतून काढलं आणि तरातरा गल्लीत गेली. मुलं गोळा झाली. तिनं ढांग्याची गोष्ट सांगितली, पहिल्या घासापासून पिंजऱ्यापर्यंत. कुणी हसलं नाही. शेवटी ती म्हणाली, "उद्यापासून तो आला की भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. हाक नाही, तुकडा नाही, बघायचंसुद्धा नाही."

"पण त्याला वाईट वाटेल!" एक मुलगी म्हणाली.

"वाटेल."

"आणि आम्हाला?"

"तुम्हालाही वाटेल गं, राणी."

मुलं तयार झाली. आजोबा होईनात. पिठाच्या पोत्यांमध्ये उभे राहून ते म्हणाले, "बाई, सकाळी दार उघडल्यावर माझी वाट बघणारं जगात एवढं एकच उरलंय. त्याच्याकडे पाठ करू म्हणता?"

मावशी पोत्यावर बसली. मग तिनं मला हातातून काढलं आणि आजोबांच्या हातात घातलं. केवढा ऊबदार हात तो! त्यांनी माझी चोच उघडून मिटून पाहिली.

"हिनंच भरवलं त्याला?"

"हो, दादा."

"मग तो हिच्याकडे परत नाही आला?"

"नाही. यायला नकोच होता तो."

मला परत देताना आजोबा एवढंच म्हणाले, "बघतो."

दुसऱ्या सकाळी धुकं होतं. सगळी गल्ली भिंतीकडे तोंड करून उभी राहिली, लहानथोर सगळे. मावशीनं तोंडावर हात दाबून धरला होता. मी तिच्या खांद्यावर टाकलेली, मान पाठीवर लोंबती. म्हणून मित्रांनो, त्या गल्लीत मागे बघत होते ती फक्त मी.

ढांग्या उतरला. चार पावलं चालला, थबकला. एका मुलाच्या स्वेटरचं टोक ओढून पाहिलं. मुलगा हलला नाही. एका मुलीच्या पिशवीला चोच लावली. ती मुलगी बाहीत तोंड खुपसून रडत होती, पण तिनं मान वळवली नाही. मग तो आजोबांच्या दाराशी गेला. टकटक. दाराखालच्या फटीतून उजेड येत होता, ताज्या पावाचा वास येत होता. पुन्हा टकटक. माझा जीव टांगणीला लागला. दार काही उघडलं नाही.

आणि मग त्याला मी दिसले.

लांब ढांगा टाकत तो आला. माझ्या चोचीला त्यानं चोच लावली, पहिल्या दिवसांत लावायचा तशी. मित्रांनो, माझ्यात हात नव्हता. हाताशिवाय मी म्हणजे नुसतं कापड, मला चोच उघडता येईना. आली असती तर मी उघडली असती, हेही तुम्हाला सांगून टाकते. खांद्यावर ओढ बसलेली मावशीला कळली. पण ती वळली नाही.

इतक्यात वरून आवाज आला. पाणथळीतला थवा धुक्यातून निघाला होता, एकमेकांना हाका देत. ढांग्यानं मान वर केली. त्याच्या गळ्यातून एक हाक निघाली, तशी हाक मी त्याला शिकवली नव्हती, मला येतही नव्हती. तो गल्लीभर धावला आणि उडाला. पंखांचा आवाज सगळ्यांनी ऐकला, पाहिलं कुणीच नाही. गल्लीच्या तोंडाशी उभी असलेली डॉक्टरीणबाई बऱ्याच वेळानं म्हणाली, "वळा आता."

आजोबांचं दार उघडलं. त्यांचे डोळे लाल झाले होते. "कडी धरून उभा होतो, बाई," ते म्हणाले. "उघडली नाही." आणि त्यांनी गरम पावाची अख्खी पाटी मुलांच्या पुढे केली.

त्याला आता बरीच वर्षं झाली. मावशीला जिना उतरवत नाही, म्हणून मी फळीवर असते. तिचा आवाजही बसला आहे. आम्ही दोघी दिवसचे दिवस गप्प असतो. उन्हाळ्याच्या आधी थवा परत येतो म्हणतात. आजोबा आणि मुलं बांधाआड लपून, श्वास रोखून त्याला बघतात. ढांग्या त्यात आहे की नाही, कुणाला ओळखता येत नाही. तो गल्लीत पुन्हा कधी आला नाही. मला एकटीला फार करमत नाही, मित्रांनो. सोंगातल्या आईलाही पोराची आठवण येते.

म्हणून एक विनंती आहे. तुमच्या घराजवळच्या तळ्यात, झुडपात, माळावर कोण राहतं ते जाऊन बघा. त्यांची नावं शिका, त्यांच्या गोष्टी एकमेकांना सांगा. पण त्यांना हाक मारू नका, हातावर तुकडा धरू नका. आणि कधी एखादा उंच, करडा, लाल डोक्याचा पक्षी दिसला, तर मला येऊन एवढंच सांगा, की तुमची चाहूल लागताच तो घाबरून लांब उडून गेला.