माझ्या झाकणावरचा कागद

"काका, या वडीत कुठला प्राणी आहे?"

"हिंमत असेल तर भर दुकानात विचारून दाखव," असं मैत्रिणींनी भिंगरीला डिवचलं होतं. गोड खाऊत प्राणी असतो हे त्यांना पटतच नव्हतं. तिने ओळखीचं हिरवं पाकीट दुकानदारकाकांपुढे करून खणखणीत आवाजात विचारलं. मैत्रिणी फिदीफिदी हसल्या. मित्रांनो, मी तेव्हा तिच्या दप्तरात होतो. मी एक जुना पत्र्याचा डबा आहे.

कारखान्यात एका दणक्यात माझं झाकण घडलं. आधी माझ्यात बिस्किटं होती, मग बरीच वर्षं बटणं नि सुया. पुढे पोचा आला, रंग उडाला आणि मी माळ्यावर गेलो. तक्रार नाही. डब्यांचं असंच असतं.

मग गवतात खेळताना भिंगरीला गोचीड चावली. तेव्हापासून मटण खाल्लं की काही तासांनी तिच्या अंगावर गांधी उठायच्या. डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, "गोचीड चावल्याने काहींना अशी ॲलर्जी होते. सस्तन प्राण्यांचं मांस बंद. जिलेटिनही बंद, ते त्यांच्याच हाडाकातड्यापासून बनतं. दूध हिला सोसतंय, ते चालू दे. कोंबडी, मासे खुशाल खा."

तिचा खाऊ वेगळा ठेवायला मला खाली उतरवून घासलं. बाबांनी दुकानं पालथी घालून फळांची एक मऊ वडी निवडली. वेष्टनावरची घटकांची यादी कापून माझ्या झाकणावर चिकटवली. आई दर वेळी तेच हिरवं पाकीट आणायची, वड्या माझ्यात ओतायची आणि वेष्टन केरात टाकायची. "झाकणावर आहे ना सगळं!" पाहुणे बाबांच्या युक्तीचं कौतुक करायचे.

गेल्या महिन्यात मात्र माझ्यातल्याच वड्या खाऊन संध्याकाळी भिंगरीचे ओठ सुजले, घसा आवळला. दवाखाना झाला.

"बाहेर काहीतरी तोंडात टाकलंस तू," आई म्हणाली.

"नाही गं आई, शपथ!"

बाबांनी माझं झाकण वाचून त्यावर टिचकी मारली. "यात तर काहीच नाही. खरं बोल बघू."

शाळेच्या येत्या सहलीला तिचं जाणं रद्द झालं. पण भिंगरीला त्याहून जास्त लागलं ते खोटारडी ठरल्याचं.

तर, दुकानात. "प्राणी? अगं, फळांच्या वड्या आहेत या!" म्हणत काकांनी पाकीट उलटं केलं, चष्मा सरकवला. "साखर, फळांचा रस... जिलेटिन."

हसू थांबलं. भिंगरीने मला बाहेर काढून झाकण ताडून पाहिलं. तिथे जिलेटिन नव्हतं. पाकिटाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत छापलं होतं, 'आता आणखी मऊ'.

"आई शप्पथ, खरंच आहे की गं प्राणी!" एक मैत्रीण पुटपुटली.

घरी तिने मला आणि पाकिटाला टेबलावर शेजारी शेजारी आदळलं. आईने दोन्ही वाचलं, पुन्हा वाचलं आणि तिच्या पाठीवरून हात फिरवला. बाबा म्हणाले, "पण पाकीट तर तेच..." आणि त्यांचं बोट 'आता आणखी मऊ'वर थांबलं.

मित्रांनो, मला घासा, कोरडं ठेवा, अधूनमधून ऊन दाखवा. फक्त माझ्या डोक्यावर जुना कागद चिकटवून निर्धास्त होऊ नका. आत घातलेलं मी जपतो. ते काय आहे, हे मला कळत नाही.

भिंगरीने नखाने तो कागद खरवडून काढला.

"आजपासून खाऊ संपेपर्यंत वेष्टन डब्यातच राहणार. प्रत्येक पाकीट मी स्वतः वाचणार, कितीही ओळखीचं असलं तरी. आणि आईबाबा, सहलीला मी जाणार आहे. हा डबा घेऊन."