अर्धा वाफा

शेतातून शनिवारची भाजीची पेटी घरी आली की चष्म्याच्या दुकानातली ती बाई घरात बारसं असल्यासारखी ती उघडायची. बीट, कांद्याची पात, मातीसकट मुळे. तिच्या नवऱ्याला मुळे आवडत नसत, पण त्या एका शेताशी बांधलेल्या चाळीस घरांच्या गटाचा नियम होता: शेतातून येईल ते घ्यायचं, हे नको-ते नको करायचं नाही. पीक आलं तर चाळीस घरांचं आणि गेलं तर तेही चाळीस घरांचं. शिवाय फवारणी नाही, म्हणून महिन्यातून एकदा प्रत्येकानं शेतावर जाऊन खुरपायचं.

पहिल्या खेपेला ती नवी टोपी घालून गेली. शेतवाल्याची आई शेजारच्याच वाफ्यात बसली होती. सत्तरी ओलांडलेली, पण हात असा भरभर चालायचा की पाहणाऱ्याला दम लागावा. आपला वाफा अर्धा झाल्यावर म्हातारी पाणी प्यायला घरात गेली, ती लवकर परतली नाही. तेवढ्यात आमच्या बाईंचा उत्साह उतू गेला. आपला वाफा संपलाच होता, तर आजींचा उरलेला अर्धाही करून टाकू म्हणून ती तिकडे सरकली. कुणाला विचारलं नाही. बारीक केसांसारखं दिसलं ते सगळं उपटलं, टवटवीत दिसलं ते ठेवलं, उपटलेलं नेऊन ढिगात टाकलं आणि कंबर धरून घरी आली. रात्री नवऱ्याला हात दाखवून फुशारकीही मारली.

चार दिवसांनी फोनवर, गटाच्या व्हॉट्सअॅपवर शेतवाल्याचा निरोप आला. सोबत फोटो होता. "गाजराचा अर्धा वाफा गेला. आईची नजर अधू झालीय, गाजरं उपटून गवत राखलं. या वेळी सगळ्यांना वाटा कमी येईल, माफ करा. तिला आता खुरपायला बसवणार नाही."

फोटोत गवताचे टवटवीत गड्डे ओळीनं उभे होते. तिनंच राखलेले. खाली लोकांचे निरोप धडाधड येत होते: काही हरकत नाही, आजींना जपा. सगळ्यांनी लिहिलं आणि आपणच गप्प राहिलो तर बरं दिसणार नाही, म्हणून तिनंही लिहिलं, "आजींना आराम करू द्या." पाठवल्यावर तिला स्वतःचीच किळस आली. नुकसान चाळीस घरांत वाटलं गेलं होतं, दोष मात्र एकट्या म्हातारीच्या माथी.

पुढच्या शनिवारी सांगू, असं म्हणत तिनं चार शनिवार घालवले. पेटीत गाजरांची जुडी आली, चार बोटांएवढी. नवऱ्यानं कच्चीच खाल्ली आणि गोड आहेत म्हणाला. तिनं एकही तोंडात घातलं नाही.

आणि एका दुपारी दुकानाचं दार ढकलून शेतवाला आईला घेऊन आत आला.

"ताई, तुम्ही इथं असता हे बरंच झालं. हिचे डोळे नीट तपासा. नंबर वाढला असेल तर नवा चष्मा करू."

तिनं म्हातारीला खुर्चीत बसवलं. एक डोळा झाकला, मग दुसरा. भिंतीवरच्या तक्त्याची शेवटची ओळ म्हातारीनं न अडखळता वाचली. जवळचं कार्ड हातात दिलं, तर आपल्या जुन्याच चष्म्यातून तिनं तळाची मुंगीएवढी अक्षरंसुद्धा वाचली.

खोटा नंबर लिहून द्यायचा मोह तिला झाला. नवा चष्मा लागला असता, सगळं चष्म्यावर ढकललं गेलं असतं. पण निदान एवढं तरी खरं बोलावं म्हणून ती म्हणाली, "आजींची नजर उत्तम आहे. काही करायची गरज नाही."

शेतवाल्याचा चेहरा उतरला. "मग बिघाड डोळ्यांत नाही, डोक्यात आहे," तो हळू म्हणाला. "अर्धा वाफा नीट केला आणि अर्ध्यात भान सुटलं. मेंदूच्या डॉक्टरांना दाखवतो."

"मलाही तसंच वाटतंय," म्हातारी मान खाली घालून म्हणाली. "हल्ली गॅस बंद केला की नाही, ते तीनतीनदा उठून बघते. पाणी प्यायला गेल्याचं आठवतं, परत येऊन ते उपटल्याचं काही केल्या आठवत नाही."

"तुम्ही नाही उपटलं, आजी." बाईचा आवाज तिलाच परका वाटला. "तो अर्धा वाफा मी खुरपला. तुम्ही घरात होतात तेव्हा."

शेतवाला काही बोलणार होता, पण म्हातारीनं हातानंच त्याला थांबवलं. तिनं चष्मा काढला, बाहीला पुसला, पुन्हा लावला.

"माझ्या अर्ध्यातली गाजरं शाबूत होती ना रे?"

"होती, आई."

"मग शनिवारी माझं खुरपं काढून ठेव."

ती उठली. दारापर्यंत गेली आणि वळून चष्मेवाल्या बाईकडे पाहिलं.

"गाजराचं रोप तुला कळलं नाही, ते असू दे. मी दाखवलं असतं. पण महिनाभर तुला माहीत होतं?"

"हो, आजी," ती म्हणाली.